फोटोपुरते हातमोजे

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. तंत्र विभागात नवीन सँडिंग मशीन बसलंय, त्यावर विद्यार्थी काम करत असतानाचे फोटो उद्या बारापर्यंत टाका, लोकेशनसह. खाली ठळक अक्षरांत सूचना: गॉगल, मास्क आणि हातमोजे स्पष्ट दिसले पाहिजेत.

मी भोकरच्या या शाळेत कार्यशाळा शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं लातूरला शिकवत होतो. रंधा, करवत, ड्रिल, सँडर यांतच आयुष्य गेलं म्हणा ना. तो मेसेज वाचला आणि माझं डोकं सणकलं. गॉगल ठीक. मास्क तर हवाच, बारीक भुसा एकदा छातीत गेला की तिथंच मुक्काम करतो. पण हातमोजे? फिरत्या चकतीसमोर? ज्यानं हे लिहिलं तो जन्मात कधी सँडरपुढं उभा राहिलाय का? उघड्या बोटाला चकती लागली तर कातडं सोलून निघतं, पण माणूस झटक्यात हात मागं घेतो. मोजा लागला तर चकती मोजा पकडते, ओढते, आणि मोज्याच्या आत बोट असतं. हे कळायला डिग्री लागत नाही. सुताराच्या घरातल्या कुठल्याही लेकराला ते कळतं.

लातूरच्या त्या मुलीलाही कळत होतं. तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. तिच्याबद्दल मी तोवर कुणाजवळ बोललो नव्हतो, बायकोजवळसुद्धा नाही. गप्प बसणं हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. स्वभाव कसला, सोय होती ती माझी.

कोरोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लातूरच्या शाळेला पहिलंच डिस्क सँडर मिळालं होतं. उभी फिरणारी गोल चकती, तिच्यावर चिकटवलेला खरखरीत पॉलिशपेपर आणि समोर छोटं लोखंडी टेबल. लाकूड टेबलावर टेकवायचं, चकतीला हलकं लावायचं, आणि सरकवत राहायचं. आमच्या मशीनची चकती डाव्या बाजूला खाली यायची, उजव्या बाजूला वर जायची. म्हणून काम कायम डाव्या बाजूला. तिथं चकती लाकडाला टेबलावर दाबून धरते. उजव्या बाजूला लावलं तर तीच चकती लाकूड वर उचलून भिरकावते. भिंतीवर ऑइल पेंटनं मी स्वतः नियम लिहिले होते. त्यातला पहिला: डाव्या बाजूलाच काम करा. दुसरा: हातमोजे, अंगठी, घड्याळ नको. तिसरा: चकती पूर्ण वेगात आल्याशिवाय लाकूड लावू नका. माझं अक्षर चांगलं आहे. ते नियम लांबून वाचता यायचे.

ती तेव्हा नववीत होती. तिच्या अब्बांचं लातुरात फर्निचरचं दुकान, आजोबांच्या आधीपासून घरात हेच काम. कार्यशाळेचा तास आला की ओढणी आडवी घेऊन कमरेला पक्की गाठ, बाह्या कोपराच्या वर, वेणीचा अंबाडा. कुणी सांगायची गरज नसायची. उलट तीच पोरांना टोमणे हाणायची. एकदा एकाचा पोळपाट बघून म्हणाली, "काय रे, पोळपाट करून राहिला का बैलगाडीचं चाक?" तो पोरगा म्हणाला, "तुझा तरी गोल हाय का?" तिनं आपला पोळपाट त्याच्यासमोर धरला. गोल होता. कडेवरून बोट फिरवलं तर कुठंच अडत नव्हतं. मी कधी तोंडावर कौतुक करणारा माणूस नाही, पण तो पोळपाट मी टेबलावर नमुना म्हणून ठेवला होता.

मशीनच्या उद्घाटनाला संस्थेचे एक पदाधिकारी येणार होते. बॅनर छापून आला, हार आले, पेढे आले. भुसा ओढून घेणारा पंखा मी दोनदा लिहून मागितला होता, तो आला नाही. आणि आदल्या दिवशी कापडी हातमोज्यांचं एक बंडल आलं. कुणी मागवलं विचारलं तर मुख्याध्यापक म्हणाले, "मीच मागवलं. सेफ्टी दिसली पाहिजे ना सर."

सेफ्टी दिसली पाहिजे. हे वाक्य आठवलं की आजही माझ्या कानशिलात कळ जाते.

पाहुणे आले. नारळ फुटला. आता एका विद्यार्थ्यानं मशीन चालवून दाखवायचं. मी तिला पुढं केलं, कारण वर्गात तिच्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता. ती पोळपाट घेऊन डाव्या बाजूला उभी राहिली.

फोटोवाला म्हणाला, "बेटा, तिकडं नको. बॅनर झाकून राहिलीस. या बाजूनं ये."

"त्या बाजूनं चकती वर जाते," ती म्हणाली.

"अगं एक मिनिटाचं काम हाय," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि मोजे कुठायत? तिला मोजे द्या कुणीतरी."

तिनं मोजे हातात घेतले, घातले नाहीत. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "सर, फिरत्या मशीनवर मोजे घालत नसतात ना? अब्बा तर दुकानात अंगठीबी घालू देत न्हाईत."

सगळे माझ्याकडं बघत होते. पाहुणे घड्याळ बघत होते. माझ्या मागं भिंतीवर माझ्याच अक्षरात तिचंच म्हणणं लिहिलेलं होतं. आणि मी म्हणालो, "घाल गं. फोटोपुरते."

तिनं मोजे घातले आणि उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. मशीन बंद ठेवूनही फोटो निघाला असता. पण फोटोवाल्याला भुसा उडताना हवा होता. बटण मी दाबलं.

पुढचं फार थोडा वेळ चाललं. चकतीनं पोळपाट वर उचलला, तो उसळून बाजूला पडला, आणि तिचा डावा हात आपसूक पुढं गेला. मोज्याचं टोक टेबल आणि चकतीच्या फटीत शिरलं. मी बटण बंद केलं तरी चकती आपल्या वेगानं फिरतच होती. मशीन थांबेपर्यंतचे ते क्षण मी इथं लिहीत नाही. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं गेली, नखासकट. ती ओरडली नाही. फक्त "अम्मी" म्हणाली, आणि खाली बसली.

दवाखान्यातून परत आलो तेव्हा मुख्याध्यापकांनी केबिनचं दार लावून घेतलं. "सर, अहवाल लिहावा लागेल. उद्या वर विचारलं तर? मशीन जाईल, तंत्र विभाग जाईल, तुमची नोकरी जाईल. मुलीनं स्वतःहून मोजे घातले, सूचना पाळली न्हाई, एवढंच लिहा. तुमचं अक्षर चांगलंय."

मी त्यांना दोष देऊन सुटू शकत नाही. त्यांनी सांगितलं, पण पेन माझ्या हातात होतं. मी लिहिलं: सदर विद्यार्थिनीने शिक्षकांच्या सूचनांचे उल्लंघन करून, निष्काळजीपणे, स्वतःच्या मर्जीने हातमोजे घातल्यामुळे अपघात घडला. सदर विद्यार्थिनी! पोळपाटाची कड बोटानं तपासणारी पोर माझ्या कागदावर 'सदर' झाली, निष्काळजी झाली. सही केली. एक प्रत तिच्या घरी गेली.

तिसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. मी ठरवलं होतं, शिव्या देतील त्या ऐकून घ्यायच्या. गचांडी धरली तरी हात उचलायचा नाही. त्यांनी कार्यशाळेच्या दारात चपला काढल्या. आत आले, माझ्यासमोर हात जोडले.

"माफ करा सर. पोरीमुळं शाळेला लई तरास झाला. घरात एवढं शिकवूनबी अशी वागली. मलाच शरम वाटून राहिली."

त्या माणसाच्या हाताला सरसाचा वास होता. डोळे सुजलेले होते. मी त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर सगळं सरळ झालं असतं. मी म्हणालो, "असू द्या."

असू द्या! मोठ्या मनाच्या माणसासारखं! माझा गुन्हा त्यांनी पदरात घेतला आणि वरून मी त्यांना माफ केलं.

महिन्याभरानं ती वर्गात आली. सोबत अब्बांची चिठ्ठी होती, हिला कुठल्याच मशीनला हात लावू देऊ नका. ती मागच्या बाकावर बसून ड्रॉइंग काढायची. मी वर्गात शिरलो की सगळ्यांबरोबर उभी राहायची, "गुड मॉर्निंग सर" म्हणायची. एवढंच. दहावी होईपर्यंत तिनं माझ्याकडं बघून काहीही म्हटलं नाही. एखादी पोर चिडली असती, रडली असती, मागून नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नियमानं उभी राहायची. मी मग संस्थेच्या भोकरच्या शाळेत बदली मागून घेतली. आईची तब्येत हे कारण दिलं. आई उदगीरला भावाकडं ठणठणीत होती.

आणि आता हा मेसेज.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना मशीनवर उभं केलं. डाव्या बाजूला, बाह्या वर, गॉगल, मास्क, हात उघडे. फोटो टाकला. दहा मिनिटांत उत्तर: हातमोजे दिसत नाहीत, पुन्हा पाठवा. मी इथल्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेलो. हे वयानं माझ्याहून लहान, तसे भले गृहस्थ.

"सर, हातमोजे घालणार नाही. चूक आहे ते."

"ओ सर, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? मशीन बंद करून घाला. फोटो काढा, काढून टाका. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही," मी म्हणालो. "माझं मागच्या वेळीही काही गेलं नव्हतं. एका पोरीची दोन पेरं गेली."

मी इतक्या मोठ्यानं कधी बोलत नाही. बाहेर शिपाई दारात येऊन उभा राहिला. मग मी सांगत गेलो, मेसेज लिहिणाऱ्यापासून बॅनर छापणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. तो फोटो बघून उद्या दहा शाळांतली पोरं मोजे घालून चालू मशीनवर उभी राहतील, त्यांना वाटेल हेच बरोबर, हे छापून आलंय! शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बरं, राहू द्या. मी बघतो वर." आणि बघितलं त्यांनी, खोटं कशाला बोलू.

घरी जाताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं. ती मिजास रात्रभरच टिकली. सकाळी अंघोळ करून पूजेला बसलो. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून त्याकडं एकटक बघत बसायचं असतं. मी बघत होतो, आणि मला लिंग दिसेना. त्याच्या भोवतीची माझी पाच बोटं दिसत होती, नखांसकट शाबूत. डावाच हात. केबिनमध्ये ओरडून मी कुणाला न्याय दिला होता? तो कागद अजून त्या घरात होता. त्यावर ती अजून निष्काळजी होती.

रविवारी नांदेडहून लातूरची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. प्रत्येक स्टँडवर वाटत होतं, उतरावं आणि परतीची गाडी बघावी. लातूरला उतरून दुकान विचारत गेलो.

ती दुकानाच्या दारातच होती. खाली चटईवर बसून पलंगाच्या फळीला हातानं पॉलिशपेपर मारत होती. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला, डाव्या हाताची ती दोन बोटं ठोकळ्यावर सरळ ठेवलेली. आता विशी ओलांडलेली. मला बघून उठून उभी राहिली. "सर," म्हणाली, आणि आत हाक मारली, "अब्बा, सर आलेत."

अब्बा लगबगीनं बाहेर आले. "या या सर! किती सालांनी! बेटा, कुर्सी दे सरांना. चहा सांग."

मागं कोपऱ्यात सँडर होतं. धूळ नव्हती त्याच्यावर, रोज वापरातलं होतं.

"ही हातानंच करते?" मी विचारलं.

"काय करणार सर," ते म्हणाले. "हात लई साफ हाय तिचा. पण मशीनला मी लावू देत न्हाई. तुम्हाला तर म्हाईत हाय. एकदा सांगितलेलं ऐकलं न्हाई तिनं. लाकडाच्या कामात एकदाच चूक करता येते."

ती परत खाली बसली आणि पेपर मारू लागली. एकसारखा आवाज. मी चहा येण्याची वाट बघितली नाही.

"तिनं ऐकलं होतं," मी म्हणालो. "मोजे नको म्हणाली होती. तुमचं नाव घेऊन म्हणाली. मी घालायला लावले. कागदावर मी खोटं लिहिलं."

पेपरचा आवाज थांबला. अब्बा आत गेले. परत आले तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी होती, दुकानाची कागदपत्रं ठेवतात तसली. त्यातून घडी केलेला कागद काढला. माझं अक्षर.

"हाच ना?"

"हाच."

"हे अक्षर बघून मी घरात म्हणलो होतो, एवढं साफ लिहिणारा माणूस खोटं कशाला लिहील?" त्यांचा आवाज चढत गेला. "सर, मी चपला काढून तुमच्या पाया पडायला आलतो. तुम्ही काय म्हणलात? असू द्या! काय असू द्या? हां? काय असू द्या ओ?"

शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. ते लेकीकडं वळले.

"तू बोलली का न्हाईस मला?"

"बोलले होते अब्बा. दवाखान्यातच. तुम्ही म्हणलात, सरांवर नाव टाकू नको."

ते खाली, तिच्या चटईच्या कडेला बसले. "इतकी सालं," ते म्हणाले, "माझ्या घरात माझीच लेक झूटी."

मी म्हणालो, मी शाळेत येऊन सांगेन, तुम्ही म्हणाल तिथं सांगेन. त्यांनी हात हलवला. "तोंडाचं हवेत जातं सर. कागदावर लिहिलं होतं, कागदावरच फिरवा. इथंच."

त्यांनी कानावरची पेन्सिल पुढं केली. पेन्सिलीनं नको म्हणून मी खिशातलं पेन काढलं. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पलंगाच्या फळीवर टेकवून, लिहिलं. मुलीनं हातमोजे घालायला नकार दिला होता, मी घालायला लावले, चूक तिची नव्हती, आधीचा अहवाल खोटा आहे. सही केली आणि कागद तिच्याकडं दिला.

तिनं तो दोनदा वाचला. मग परत माझ्यापुढं धरला.

"बाजू राहिली सर."

मला कळलं, तरी मी विचारलं, "कुठली?"

"मला उजव्या बाजूला उभं केलं होतं. आणि बटण तुम्ही दाबलं. ते लिहा."

मोजे मुख्याध्यापकांनी मागवले होते, त्यात माझा वाटा अर्धा होता. पण डाव्या बाजूचा नियम माझा होता, भिंतीवरचा पहिला. बटणावरचं बोटही माझंच होतं. एवढ्या लांब खरं सांगायला येऊनही मी नेमकं तेवढं गाळलं होतं. मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

तिनं कागद अब्बांच्या हातात दिला आणि सरळ कोपऱ्यातल्या मशीनकडं गेली. अब्बांनी "थांब" म्हटलं नाही. तिनं ओढणी कमरेला बांधली, बाह्या वर केल्या, बांगड्या काढून खिळ्याला अडकवल्या. खुंटीवरचा गॉगल लावला, मास्क लावला. वाकून टेबल आणि चकतीतली फट बघितली, एक नट सैल करून टेबल जरा आत सरकवलं, परत आवळलं. हे सगळं तिला येत होतं. इतकी वर्षं ती बसून बघतच होती.

मी नकळत दोन पावलं पुढं गेलो होतो. उन्हासाठी गळ्यात टाकलेला मोठा रुमाल, म्हणजे दस्ती, तसाच लोंबत होता.

"सर," ती बटणावर हात ठेवून म्हणाली, "गळ्यातली दस्ती काढा. न्हाईतर बाहेर थांबा."

मी दस्ती काढून खिशात कोंबली. तिनं बटण दाबलं. चकती हळू फिरू लागली, मग आवाज चढत गेला. ती डाव्या बाजूला उभी होती. चकती पूर्ण वेगात येईपर्यंत तिनं लाकूड उचललं नाही.